न ऐकणारं जाळं

जाळं सपाट पडलं आणि सून मटकन खाली बसली.

टीपॉय भिंतीला लावून आम्ही ते हॉलच्या फरशीवर पसरलं होतं. दिवाणापासून टीव्हीपर्यंत गोल. एक सुरकुती नाही, काठ कुठे उचललेला नाही. असं जाळं विणायला हात लागतो. माझ्या बापानं बघितलं असतं तर तो काही बोलला नसता, आणि तो बोलला नाही म्हणजे काम चांगलं झालं असं आमच्या घरात समजायचे. सुनेनं मात्र तोंडावर हात ठेवला.

"आई, हे सपाट पडलं."

"मग? जाळं सपाटच पडायला पाहिजे."

"हे पडायला नको होतं. मी सांगितलं होतं ना, प्रत्येक भोकातून दोन काढा म्हणून?"

"सांगितलंस. चार ओळी काढल्या तशा. सगळं चुरगळायला लागलं. म्हटलं, हिचा हिशोब चुकला. उसवलं आणि नीट केलं."

"तुम्ही नीट केलं," ती म्हणाली. मग ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मला असलं रडणं आवडत नाही. एक काहीतरी करावं माणसानं.

सकाळचे नऊ वाजले होते. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिला चार शहाण्या माणसांपुढे उभं राहून आपलं काम सांगायचं होतं, आणि त्यासाठी तिला खराब जाळं हवं होतं. मी तिला चांगलं विणून दिलं होतं.

सून डोंबिवलीची. तिचे वडील देशावरून नोकरीला आले आणि तिथेच राहिले. तिच्या माहेरी मासे आठवड्यातून एकदा आणि तेही नाक मुरडून. आम्ही खाडीवरचे कोळी. बाळकुमला मी लग्न होऊन आले तेव्हा दारातून खाडीचा वास यायचा. आता त्याच जागी इमारती आहेत आणि त्यातल्या एकीत चौदाव्या मजल्यावर आम्ही राहतो. मुलगा कोलशेतला एका कारखान्यात पाळीवर जातो. सून कल्याणच्या एका कॉलेजात गणित शिकवते. पण तात्पुरती. दर जूनमध्ये नवी नेमणूक, दर एप्रिलमध्ये घरी. पीएच.डी. झाली तर कायम होण्याची आशा, म्हणून लग्नानंतर तिनं तो अभ्यास धरला आणि कितीतरी वर्षं तो संपला नाही.

काम तिचं झालं होतं. ते चांगलं आहे असं तिच्या गाईड मॅडम म्हणायच्या. अडचण वेगळीच होती. आदल्या वर्षी तिला ते सगळ्यांसमोर सांगायला उभं केलं, आणि तिच्या तोंडातून शब्द फुटला नाही. कॉलेजातल्या साठ पोरांना ती रोज गप्प बसवते. पण समोर तिच्याहून जास्त जाणणारी चार माणसं बसली की तिचा घसा बंद होतो. त्या दिवशी ती पाच मिनिटं उभी राहिली, पाणी प्यायली, आणि बाहेर निघून आली. घरी आल्यावर मला म्हणाली, "आई, मी गप्प उभी राहिले." मी विचारलं, "मग जेवलीस का?" दुसरं काय विचारणार?

त्यानंतर मुदत वाढवून मिळाली. दुसऱ्यांदाही मिळाली. तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. मॅडमनी तिला सांगितलं, या वेळी हातात काहीतरी घेऊन उभी राहा. हात रिकामे राहिले की तू ओढणी पिळत बसतेस. तुझ्या विषयातली हातात धरता येईल अशी एखादी वस्तू आण.

तिचा विषय हातात धरता येईल असा आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकले. बेरीज-वजाबाकी येते, बाजारात मला कोणी फसवलेलं नाही. तिच्या कागदांवर आकडेच नसायचे, नुसती अक्षरं आणि बाण. एकदा मी विचारलं, "हे कसलं गणित गो, ज्यात आकडे नाहीत?" तेव्हा मी कोळंबी सोलत होते आणि ती ओट्याला टेकून चहा पीत होती.

"हे लांबून बघायचं गणित आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"ठिपके ठिपके असलेली एक मोठी जागा. एका ठिपक्यावरून शेजारच्या ठिपक्यावर जाता येतं. जवळून बघितलं तर नुसते ठिपके. पण खूप लांब गेलं की ठिपके दिसेनासे होतात आणि त्या जागेचा स्वभाव दिसायला लागतो."

"माहेरी गेलं की सासर दिसतं तसं?"

"तसंच. इथे असताना तुमची बोलणी ऐकू येतात. डोंबिवलीला गेलं की कळतं, बाई एकंदरीत बरी आहे."

ती अशी बोलते. म्हणून माझं तिच्याशी जमतं.

मग तिनं मला दोन तऱ्हेच्या जागा सांगितल्या. एक, आमच्या साध्या जाळ्यासारखी. त्यात आधी उजवीकडे जाऊन मग वर गेलं काय, किंवा आधी वर जाऊन मग उजवीकडे गेलं काय, माणूस एकाच गाठीवर पोचतो. आधी गिरणी मग बाजार, किंवा आधी बाजार मग गिरणी, घरी सारखंच. दुसरी जागा झाडासारखी. प्रत्येक फांदीला दोन फांद्या, त्या दोन्हींना पुन्हा दोन. तिथे आधी कुठे वळलात त्यावर सगळं ठरतं, आणि एकदा वळलात की परतायला तीच एक वाट. पहिल्या तऱ्हेला इंग्रजीत एक नाव आहे. त्याचा अर्थ काय, मी विचारलं. ती म्हणाली, ऐकणारी, वळवली तशी वळणारी. दुसरी न ऐकणारी.

"म्हणजे तू आणि मी."

"कोण कोणती ते विचारू नका," ती म्हणाली.

ऐकणारी कशाला म्हणायचं, ते मला तिच्यापेक्षा लवकर कळलं असं नाही. तिला आधीच माहीत होतं. पण मला ते जवळ्यावरून कळलं. आम्ही लहानपणी जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत घालायचो. चटईवर पसरला की कोंबड्या यायच्या आणि काठावरचा उचलायच्या. आत शिरायची त्यांची हिंमत नव्हती, कारण माझी आई काठी घेऊन बसलेली. चटई लहान असली तर अर्धा जवळा कोंबड्यांच्या पोटात. म्हणून दोन-तीन घरं मिळून एकच मोठा पसारा घालायची. पसारा जेवढा मोठा, तेवढा काठावरचा भाग एकंदरीत कमी. ती म्हणाली, बरोबर, हेच. जिथे हवा तेवढा मोठा पसारा घालून काठ नगण्य करता येतो, ती ऐकणारी जागा.

"आणि दुसऱ्या जागेत?"

"तिथे कितीही मोठा पसारा घाला, जवळपास निम्मा काठावरच."

"मग तिथे जवळा घालूच नये."

"नये," ती म्हणाली. "तिथे कोंबड्या माजतात."

एकदा तिनं मला त्याहून विचित्र सांगितलं. त्यावरून आमचं भांडण झालं. झाडासारख्या जागेत प्रत्येक फांदीवर एक घर आहे असं समजायचं. प्रत्येक घरात एक बोंबील. प्रत्येक घरानं आपला बोंबील वरच्या घराला द्यायचा. प्रत्येक घराच्या खाली दोन घरं, म्हणून प्रत्येकाकडे खालून दोन येतात आणि त्याचा एक वर जातो.

"आता प्रत्येकाकडे किती?"

"दोन."

"आधी किती होते?"

"एक. मग हे जास्तीचे आले कुठून?"

"कुठूनच नाही. बाहेरून एकही आणला नाही."

मी सुरी खाली ठेवली. "सगळ्यात खालच्या घराचं काय? त्यानं आपला दिला. त्याला कोण देणार?"

"सगळ्यात खालचं घर नाहीच, आई. खाली घरं संपतच नाहीत."

"सगळ्यात खालचं घर असतं. मी त्यात वाढलेय."

ती म्हणाली, "तुमचं गाव ऐकणाऱ्या जागेत होतं. तिथे हे जमत नाही. तिथे प्रत्येकाकडे दोन व्हायचे तर काठावरून आणावे लागतात, आणि काठ पुरत नाही. तेच मी शिकतेय, कुठे जमतं आणि कुठे जमत नाही."

मला ते पटलं नाही आणि अजून पटलेलं नाही. संपत नाही अशी जागा मी बघितलेली नाही. पण ती खोटं बोलत नव्हती, एवढं कळलं. रात्रीच्या जेवणाला बोंबील मोजून तीनच होते.

तर हातात धरायची वस्तू म्हणजे जाळं, हे तिच्या डोक्यात माझ्यामुळे आलं. माझ्या बापाला मुलगा नव्हता, म्हणून फेकायचं जाळं विणायला मी शिकले. आम्ही त्याला पाग म्हणतो. ते मधून सुरू होतं आणि गोल गोल वाढत जातं. दर फेरीला ठरलेलीच वाढ घालायची, पहिल्या फेरीला जेवढी तेवढीच शेवटच्या फेरीला. मग ते पाण्यावर छत्रीसारखं उघडतं आणि तळाशी सपाट बसतं. वाढ कमी घातली तर पिशवी होते. जास्त घातली तर काठाला झालर होते, काठ बुडवायच्या शिशाच्या गोळ्या पुरत नाहीत, आणि मासा झालरीखालून निघून जातो. नवशिक्यानं झालर केली की बाप ते जाळं दारावर टांगायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. माझं एकदा टांगलं होतं. मी परत तसं केलं नाही.

तिनं मला तेच करायला सांगितलं. प्रत्येक भोकातून दोन भोकं, त्या न ऐकणाऱ्या जागेतल्या फांद्यांसारखी. पुढच्या ओळीत दुप्पट, त्याच्या पुढच्या ओळीत त्याच्या दुप्पट. हो म्हटलं, चार ओळी काढल्या, ती कॉलेजला गेली, आणि माझ्या हातांनी पाहिलं की हे दारावर टांगायचं काम चाललंय. पोरीला आपल्या विषयातलं कळतं, जाळ्यातलं काय कळणार? उसवलं. मग दोन महिने रोज दुपारी नीट विणलं. तिनंही मधे कधी पसरून बघितलं नाही, कारण तिला लिहायचं होतं आणि मी सांगितलं होतं, पुरं झाल्यावर बघ. पुरं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी परीक्षा होती.

म्हणून ती खाली बसली होती.

"ऊठ," मी म्हटलं. "दोरा आहे का?"

"आई, आज एका दिवसात?"

"लहान करू. तोंड धू आणि सुयांत दोरा भर. डोळे उजेड असेपर्यंतच चालतात माझे."

तिनं कॉलेजात कळवलं की येत नाही. खिडकीशी बसलो. ती बांबूच्या सुयांत दोरा भरून द्यायची, मी विणायचे. पहिल्या तीन ओळी झाल्या चहा गाळेपर्यंत. मग त्रास सुरू झाला, आणि तो गाठींचा नव्हता. एका भोकात एक काढलं की हात आपोआप पुढे जायचा. साठ वर्षांची सवय. मी तिला म्हटलं, माझ्या हाताकडे बघत बस आणि दर वेळी 'दोन' म्हण. ती म्हणायला लागली. दोन. दोन. दोन. थोड्या वेळानं मी म्हटलं, नुसतं दोन दोन काय, डोकं उठलं, दुसरं काहीतरी बोल, फक्त मी चुकले की दोन म्हण.

"काय बोलू?"

"उद्या काय बोलणार ते बोल."

"ते इंग्रजीत आहे."

"मग मराठीत बोल. मला कोण परीक्षा घ्यायला बसवलंय?"

ती बोलायला लागली. आधी अडखळली, मग सरळ. मधेच "दोन, आई!" म्हणून ओरडायची आणि पुन्हा धरायची. मला सगळं कळलं असं मी म्हणणार नाही. एवढं कळलं की तिनं असं काही सिद्ध केलंय की जागेत इथे-तिथे गाठी हलवल्या, ठिगळं लावली, काही भाग वाकवला, तरी ठराविक अटी पाळल्या असतील तर तिचा ऐकण्याचा किंवा न ऐकण्याचा स्वभाव बदलत नाही. त्या ठराविक अटी काय, ते तिनं दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मी मान हलवली.

ओळी वाढत गेल्या तसं मला भलतंच काही दिसायला लागलं. जाळं हातात मावत होतं, दोन मुठींएवढं, पण दोरा जात होता पोत्यानं. एक ओळ पुरी करायला आधीच्या सगळ्या ओळींएवढा वेळ लागला. मला वाटलं मी दमले म्हणून. तिला म्हटलं तर ती म्हणाली, "दमला नाहीत. ती ओळ आधीच्या सगळ्या ओळींपेक्षाही मोठी आहे."

"एक ओळ?"

"प्रत्येक ओळ. पुढचीही तशीच असणार."

मी विणून झालेलं उचलून बघितलं. मधे मूठभर नीट जाळं आणि त्याच्याभोवती झालरच झालर, घडीवर घडी, झेंडूच्या फुलासारखी. पोट असं नव्हतंच त्याला. सगळा काठ.

दोनच्या सुमाराला मुलगा पहिली पाळी करून आला. दारातच थांबला.

"आये, हा कोबी कुठला?"

"तुझ्या बायकोचा अभ्यास आहे."

"आणि ते जमिनीवरचं?"

"तो माझा."

"ते बरं आहे," तो मोठ्या जाळ्यावरून उडी मारत म्हणाला. "पाय ठेवू का नको?"

"ठेवलास तर तंगडी मोडीन."

त्यानं स्वतःच वाढून घेतलं आणि स्वयंपाकघरात उभ्यानं जेवला, कारण हॉलभर जाळं होतं. भांडी तशीच ठेवली.

चार वाजता मी थांबले. बोटं वळत नव्हती. सून म्हणाली, "अजून एक ओळ झाली असती तर छान दिसलं असतं."

"अजून एक ओळ म्हणजे आज सकाळपासून जेवढं केलं तेवढं सगळं परत. उद्या याच वेळेला होईल. चालेल?"

ती म्हणाली, "हेच. माझं पहिलं वाक्य हेच असायला पाहिजे." आणि पेन शोधायला लागली.

तिनं काठाला सुतळी लावून बघितली. दोन मुठींत मावणाऱ्या त्या वस्तूचा काठ दारापासून खिडकीपर्यंत जाऊन परत आला आणि तरी उरला. मग मोठं जाळं उचलून घडी घालताना ती म्हणाली, "हेही नेऊया. दोन्ही दाखवते. चांगलं हातात नसेल तर खराब किती खराब ते कसं सांगणार?" मी म्हटलं, मग दोन महिने फुकट गेले नाहीत. ती म्हणाली, "नाही गेले. पण तुम्ही मला विचारायला हवं होतं." मी म्हटलं, हो. तेवढ्यावर संपलं.

परीक्षा ठाण्यातल्या एका कॉलेजात होती. मी जायचं ठरलं नव्हतं. पण मोठं जाळं पसरून धरायला दोन माणसं लागतात आणि मुलाची पाळी होती. मी नऊवारी नेसले, रिक्षा केली. वाटेत सून एक शब्द बोलली नाही. बाळकुम नाक्यावर गर्दी होती, तिथे रिक्षावाला सगळ्यांना शिव्या देत होता, तेवढाच आवाज.

खोली लहान होती. पंखे, फळा, पांढरा पडदा. तिच्या मॅडम, आणखी दोन प्राध्यापक, बाहेरगावाहून आलेले एक परीक्षक, आणि मागे कॉलेजातली काही मुलंमुली. परीक्षक माझ्याच वयाचे. दक्षिणेकडचे, मराठी येत नव्हतं. पांढरा शर्ट, खिशाला पेन. एका मुलीनं आणि मी मोठं जाळं धरून पसरलं. सगळ्यांनी बघितलं. मग सून उभी राहिली, लहान जाळं हातात घेऊन.

आणि गप्प झाली.

मी तिचा चेहरा बघितला. मला माहीत होता तो, तिनं सांगितला होता, पण बघितला पहिल्यांदा. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. तिनं तो घेतला नाही. पंखा फिरत होता. मागची एक मुलगी खोकली. मी जाळ्याचं टोक धरून उभी होते आणि मला वाटत होतं की आता ही दाराकडे बघेल. ती दाराकडे बघायला लागली.

तेव्हा ते परीक्षक उठले. वाईट वाटून उठले असतील, किंवा त्यांना नुसतं बघायचं असेल. त्यांनी हात पुढे करून लहान जाळं तिच्या हातातून घेतलं, नाकाशी धरलं, उलटसुलट केलं, आणि झालर त्यांच्या शर्टाच्या बटणात अडकली. त्यांनी ओढलं. दुसरं बटण अडकलं. मग पेन. सगळा काठच असलेली वस्तू ती, अडकणारच.

"ओढू नका!" सून मराठीत ओरडली. "ओढलं की जास्त गुंततं!"

ते थांबले. ती पुढे गेली, त्यांच्या छातीशी वाकून एकेक भोक बटणातून सोडवायला लागली, आणि सोडवता सोडवता इंग्रजीत बोलायला लागली. इंग्रजी मला येत नाही. पण तिचा हात बघत होते, त्यावरून कुठे आली ते कळत होतं. एक बोट मधल्या मुठीवर, मग काठावर, मग काठावर, मग काठावर. परीक्षक हसले आणि तसेच अडकून उभे राहिले. त्यांनी स्वतःहून सुटायची घाई केली नाही. त्याबद्दल मी त्यांना चांगला माणूस म्हणते.

सुटल्यावर ती थांबली नाही. फळ्याकडे गेली, पडद्याकडे गेली, मोठ्या जाळ्याकडे आली आणि माझ्या हाताशी बोट ठेवून काठ दाखवला आणि मग आतलं दाखवलं. माझे खांदे भरून आले होते. कितीतरी वेळ बोलली. त्यांनी प्रश्न विचारले. एका प्रश्नाला ती अडली, मान हलवली, काहीतरी छोटं म्हणाली. नंतर तिनं मला सांगितलं की ती म्हणाली होती, हे मला माहीत नाही, हे अजून कोणालाच माहीत नाही. त्यावर मॅडम हसल्या. म्हणजे उत्तर बरोबर होतं.

आम्हाला बाहेर पाठवलं. व्हरांड्यात बाकावर बसलो. ती म्हणाली, "आई, तुमचे खांदे दुखत असतील." मी म्हटलं, "दुखतायत. बस गप." पिशवीत भाकरी आणि सुकट होती, ती काढली. तिनं दोन घास खाल्ले, हात रुमालाला पुसले, आणि तेवढ्यात आत बोलावलं.

पास झाली. सगळ्यांनी हात मिळवले. परीक्षकांनी माझ्याकडे वळून काहीतरी विचारलं. सुनेनं सांगितलं, विचारतायत की विणायला अवघड होतं का. मी म्हटलं, त्यांना सांग, यात मासा येत नाही. तिनं सांगितलं. ते मोठ्यानं हसले आणि म्हणाले की गणितातही फारसा येत नाही. मग दोन्ही जाळ्यांचे त्यांनी मोबाइलवर फोटो काढले. लहान जाळं मॅडमनी कपाटात ठेवायला मागून घेतलं. मी दिलं. मोठं दिलं नाही.

परतताना सुनेनं पेढे घेतले आणि रिक्षात इतकं बोलली की रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा बघितलं. मी तिला गप्प बस म्हटलं नाही.

कॉलेजातली जागा अजून कायम झालेली नाही. अर्ज केलाय, बोलावणं येईल असं म्हणतात. दर एप्रिलमध्ये ती घरी असते, दर जूनमध्ये परत जाते. पण आता दुसऱ्या कॉलेजांत तिला बोलायला बोलावतात आणि ती जाते. मध्ये एकदा पुण्याला जाऊन आली. शेजारणी विचारतात, सून कशात डॉक्टर झाली. मी सांगते, काठात. त्यांना वाटतं मी चेष्टा करते.

मला कोणी विचारलं की त्या दोन दिवसांत काय झालं, तर तसं फार काही झालं नाही. सून पास झाली. मी पास झाले. मुलगा, ज्यानं काही केलं नव्हतं, तोही पास झाला.